हंड्यावरचे नाव

१५ जानेवारी २०२४, सोमवार. त्या वर्षी मकर संक्रांत नेहमीच्या चौदा तारखेला न येता पंधराला आली होती. त्या सालचे कोणतेही पंचांग उघडून हे ताडून पाहता येईल. त्या सकाळी मखमलाबादच्या शिवारातल्या एका अंगणात लंकाबाईच्या संसारातली सगळी भांडी सतरंजीवर मांडलेली होती, आणि ती अशी लखलखत होती की फोटो काढायला आलेल्या प्रतिभाचा चेहराच उतरला.

प्रतिभा इंदिरानगरची. गेले वर्षभर ती नाशिकच्या आसपासच्या घरांतल्या वस्तूंचे फोटो काढत होती. फोटोत माणसे नसत. त्यांची भांडीकुंडी आणि ती ज्या जागी वापरली जातात ती जागा, एवढेच. फेब्रुवारीत शहरातल्या एका सभागृहात त्यांचे प्रदर्शन व्हायचे होते. "मावशी, आहे तसंच राहू द्या," असे तिने लंकाबाईला आधीच बजावले होते. पण घरची भांडी परक्या माणसापुढे, तीही फोटोसाठी, न घासता मांडायची ही गोष्ट लंकाबाईच्या विचारात बसणारी नव्हती. भोगीच्या दिवशी शेवंतीची तोडणी उरकून बाजाराच्या करंड्या भरून झाल्यावर ती चिंच, मीठ आणि राख घेऊन बसली. न्हाणीच्या चुलीवरचा अंघोळीच्या पाण्याचा हंडासुद्धा तिने सोडला नाही. वर्षानुवर्षांची काजळी निघेना, तेव्हा उलथन्याने खरवडली. घासून होईतो अंधारून आले होते. हंडा पालथा घालून ती उठली.

"मावशी, ती काजळीच हवी होती हो मला," प्रतिभा म्हणाली.

"आन् लोकांनी काय म्हणावं? लंकाबाईच्या घरात चिंच नाय?"

प्रतिभा हसली आणि कामाला लागली. लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव घालून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. प्रत्येक भांडे फिरवून प्रतिभा ते नाव मोठ्याने वाची, आणि ते कुठून आले हे लंकाबाई सांगे. हा तांब्या आत्याचा. ही परात ओझरच्या कारखान्यात लागलेल्या भावाने पहिल्या पगारातून घेतलेली. मग हंड्याची पाळी आली.

"चि. सौ. कां. भागीबाई हिस, मामांकडून." ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांवरून प्रतिभाचे बोट फिरत होते. "मामांचं नाव झिजलंय. मावशी, भागीबाई कोण?"

लंकाबाईने पदर तोंडाला लावला.

भागीबाई म्हणजे बांधापलीकडे राहणारी तिची थोरली जाऊ. भागीबाईचा नवरा मल्हारी आणि लंकाबाईचा देवराम या भावांची वाटणी झाली तेव्हा एकत्र घरात दोन काळे हंडे होते: एक घरचा, बिननावाचा आणि एक भागीबाईला मामाने दिलेला. भागीबाईच्या वाट्याला आलेल्या हंड्यावर घासूनही नाव निघेना. "माझा हंडा लंकीनं लांबवला," असे तिने चार लोकांत म्हटले. लंकाबाई संतापली. आपल्याकडे आला तो घरचाच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. हंडा घासून दाखवणे तिला अपमानाचे वाटले; त्याऐवजी तिने खंडोबापुढचा बेल-भंडार उचलून शपथ घेतली. "तिची वाटीसुद्धा माझ्या घरात नाय," ती म्हणाली, आणि वर हेही म्हणाली, की भागीबाईनेच तो मोडीत घातला असेल. बेल-भंडार उचलला गेल्यावर झडती घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे. म्हणून कोणीच हंड्याला हात लावला नाही.

तेव्हापासून दोघींत बोलणे नव्हते. म्हणजे समोरासमोर नव्हते. भागीबाई आपल्या म्हशीला "खा गं बाई, तुला कुठं दुसऱ्याचं लागतं!" असे मोठ्याने सांगे. लंकाबाई मग आपल्या कोंबड्यांना काहीबाही सुनावी. सोयरिकी झाल्या, बारशी झाली. एकीच्या मांडवात दुसरी पाहुण्यासारखी येई आणि जेवून जाई.

आता हंडा उन्हात चमकत होता.

"मी हा फोटो पुसून टाकते," काय झाले ते कळल्यावर प्रतिभा म्हणाली. "हंडा बाजूला ठेवून दुसरा काढू. कुणाला दिसणार नाही."

गोठ्याकडून आलेल्या देवरामने तर याहून सोपी वाट काढली. "चढव पुन्हा चुलीवर. आठ दिवसांत काळा पडतोय."

"आन् तुमचं तोंड? ते बी काळं करायचं?" लंकाबाईने विचारले.

"माझं तोंड काळंच हाय," देवराम म्हणाला. पण हसला नाही. बायकोची मान चार लोकांत खाली जाईल, ही त्याचीही भीती होती.

लंकाबाई हंड्याशी बसली आणि नावावरून बोट फिरवू लागली. भंडार उचलला तेव्हा तिला ठाऊक नव्हते. चूक होती, पण खोटेपणा नव्हता. आज मात्र अक्षरे तिने स्वतः लावून पाहिली होती. चौथीपर्यंतची शाळा तेवढ्याला पुरली होती. आज हंडा पुन्हा चुलीवर चढला, तर आजपासून ती शपथ खरोखरच खोटी ठरणार होती. फोटो पुसता आला असता. पण तिला जे कळले होते, ते कुठे पुसायचे?

रिकामे भांडे परत करायचे नसते. तिने हंड्यात गहू ओतले, त्यांवर ओल्या हरभऱ्याचे घाटे, गाजरे, बोरे, उसाची कांडकी ठेवली आणि वर शेवंतीची ओंजळ टाकली. तिसऱ्या प्रहरी हंडा कमरेवर घेऊन तिने बांध ओलांडला. भागीबाईकडे हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. लंकाबाई ओट्याची पायरी चढली तशा सगळ्या तिच्याकडे वळल्या.

तिने हंडा खाली ठेवला आणि नाव भागीबाईकडे केले.

"बाई, तुमचा हंडा. माझ्याच घरात होता. मला नव्हतं ठावं. बेल-भंडार उचलून बसले मी."

भागीबाईला वाचता येत नव्हते. तिने नुसती बोटे फिरवली, उजवीकडून, डावीकडून. झिजलेल्या जागी ती थांबली.

"घासलास कशानं?"

"चिंचेनं. आन् उलथन्यानं."

"म्हंजी इतकी वर्षं घासलाच नाय?"

"अंघोळीचा हंडा बाहेरून कोण घासतं, बाई?"

"आळशी ती आळशीच!" भागीबाई म्हणाली, आणि बायकांत जे हसू फुटले त्यात तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मग डोळे टिपत ती हळू म्हणाली, "तुला ठावं नव्हतं, मग खोटं कसलं? मी बी चोर म्हणलेच की तुला. ते कुठं खरं होतं?" तिने लंकाबाईला पाटावर बसवले, कुंकू लावले, हातावर तिळगूळ ठेवला. "घरचा हंडा मागू नको हां माझ्याकडं. तो फुटला कवाच. खरोखरीच मोडीत घातला."

लंकाबाई तिळगूळ तोंडात टाकून भिंतीला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी प्रतिभाने फोटोचे काय करायचे ते भागीबाईलाच विचारले. "राहू दे तिच्याच भांड्यांत," भागीबाई म्हणाली. "नाव माझं, पण पाणी तिनं तापवलं. आन् माझ्या घराचा बी काढ. मी मात्र काय घासणार नाय बघ!" प्रदर्शनात दोन्ही फोटो शेजारी लागले. दोघी जावा रिक्षाने ते पाहायला गेल्या आणि कोणाची परात मोठी यावरून तिथेच वाद घालू लागल्या.

वाटणीच्या दिवशी हंड्यांची अदलाबदल कोणी केली, हे मात्र कळलेले नाही. मल्हारी म्हणतो, सामान देवरामने हलवले. देवराम म्हणतो, आईने. आई हयात नाही. हंडा मुद्दाम दिला गेला की काजळीमुळे चुकून, हे सांगणारा कोणताही पुरावा नाही. मामांचे नावही पूर्ण लागत नाही: पहिले अक्षर 'गो' असावे, पुढचे वाचता येत नाही, आणि भागीबाईलाही ते आठवत नाही; ती त्यांना नुसते मामाच म्हणत असे.