पऱ्हाटीचा कोळसा

जाळ मला कळतो तसा आख्ख्या जळगावात कोणाला कळत नाही. म्हणून तर एका भरीत पार्टीत वांग्यांच्या आधी माझी मिशीच भाजून निघाली होती.

तरी कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या बाईंनी मलाच बोलावलं. कपाशी निघाली की शेतात पऱ्हाट्या उरतात, त्यांवर आम्ही भरताची वांगी भाजतो. बाई त्याच काड्यांचा कोळसा करून, कास्टिक घालून तो पुन्हा तापवायच्या. कोळशाला बारीक बारीक भोकं पडतात, मग त्याच्या वड्या दाबल्या की त्या भोकांत वीज साठते म्हणे. मी म्हटलं, "मना छपरलेबी भोकं शेतस बाई, पन तठून पानीच येस."

त्यांची भट्टी बिघडलेली आणि पुण्याचे साहेब दुसऱ्या दिवशी येणार. कोळसा पाहूनच ते ठरवणार होते, बाईंचं काम चालू ठेवायचं का बंद करायचं. म्हणून मी लॅबच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपात काड्या भरल्या, झाकण मातीनं लिंपलं, धुरापुरतं एक भोक ठेवलं, खालून जाळ लावला. धूर थांबल्यावर भोकही बुजवलं. बाई म्हणाल्या, "भाऊ, पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. हवा लागली की राख."

तेवढ्यात कॉलेजचे मोठे सर आले, दोन कारकून घेऊन. "काय बाई, कोळसा पाडायला एम.एस्सी. केलं का? आमची मोलकरीण चुलीत रोज पाडते!" कारकून खिदळले. बाई खाली मान घालून उभ्या.

माझं डोकंच फिरलं. आजही त्या माणसाचं हसणं आठवलं की कानशिलं तापतात. स्वतःचा स्टोव्ह पेटवता येत नव्हता त्याला, पंप मारायला शिपाई लागायचा, आणि बाईंना शिकवतो!

"बघा सर, असा कोळसा पाडते का तुमची मोलकरीण?" म्हणत मी झाकण उपटलं.

आत काळंभोर, एक क्षण. मग कडेनं लाल. आता खरं तर झाकण परत दाबायचं. पण हात भरीतवाल्याचा! काडी लाल झाली की वारा घालायचा, एवढंच त्याला ठाऊक. मी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि घातला वारा, चांगला जोर लावून. पिंप भडकलं. सर टाळ्या वाजवत गेले.

मी राखेसमोर बसून सरांना सात पिढ्यांच्या शिव्या देत होतो. बाईंनी काडीनं राख उकरून पाहिली.

"भाऊ, त्यांनी नुसतं तोंड उघडलं होतं. झाकण तुम्ही उघडलं."