जोड मागणारा पैलवान

फोन सकाळचा होता. मी सांगलीत दूध आणायला निघालो होतो. साताऱ्याहून शालन वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्ये गेलं..." आणि मी काही बोलायच्या आत, "आवं, ते मशीन चालूच हाय. ते कसं बंद करायचं?" माणूस गेल्यावर बाई काय विचारते बघा! पण त्यांचा नवरा, माझा दोस्त हणमंता, त्या मशीनसमोर बसल्या बसल्याच गेला होता, चहा अर्धा ठेवून. मी म्हटलं, मागचं बटण दाबून धरा. एवढंच सुचलं मला.

महिना होऊन गेला, तरी त्या मशीनशिवाय हणमंताबद्दल काही लिहिता येत नाही... उंब्रजचा गडी. पलटणीत बिनतारी यंत्रं सांभाळून आलेला, नंतर साताऱ्यात कारखान्यात लागलेला. मी सांगलीत घरी बसून प्रोग्रॅम लिहिणारा. टीव्हीला जोडायचं गेमिंग कन्सोल आपल्याकडं का होऊ नये, या त्याच्या एका वाक्यावर आम्ही दोघांनी या मशीनपायी चांगली उमेदीची वर्षं घातली आणि पहिल्या दिवसापासून भांडलो.

भांडण एकच. तो म्हणायचा, मशीन असं ताकदवान करायचं की पुण्या-बेंगळुरूचे गेम बनवणारे आपणहून आले पाहिजेत. मी म्हणायचो, चिप साधी घे, मशीन स्वस्त ठेव आणि आपलेच चार गेम असे करू की पोरं सोडणार नाहीत. पण हणमंताचं डोकं जत्रेतल्या कुस्त्यांवर चालायचं. "आखाडा दणदणीत कर गड्या. लाल माती, हलगी, मानाची गदा. मग बघ, बाहेरचं पैलवान कसं येत्यात." मी विचारायचो, "आणि गावचा पैलवान?" "त्येला गावच बघतं रं. बाहेरचा आला की पंचक्रोशी लोटती." तसं ते खोटंही नव्हतं. नाहीच आलं कुणी तर, असं विचारलं की मांडीवर थाप मारून म्हणायचा, "मग मी उतरतो की लंगोट लावून!"

शेवटी त्याच्याच मनासारखं झालं. चिप अशी बसवली की ती थंड ठेवायला दोन पंखे लागले. मशीन लावलं की घरात पिठाची गिरणी चालल्यासारखं वाटे. मग हणमंता गेम बनवणाऱ्यांच्या दारोदार फिरला. जाईल तिथं चहा मिळाला आणि एकच प्रश्न मिळाला, किती घरांत आहे तुमचं मशीन? अहो, गेमच नाहीत तर ते घरात घेणार कोण, आणि घरात नाही तर गेम करणार कोण! या घाण्यात आम्ही दमलो. खरंच दमलो. शेवटी शेवटी मला भांडायचाही कंटाळा यायचा आणि त्याचंच त्याला वाईट वाटायचं. "बोल की कायतरी," म्हणायचा. "तू गप बसलास की लय सुनं वाटतं."

मशीनवर चालणारा गेम एकच, चाचणीपुरता मी लिहिलेला. कुस्तीचा. त्यात हणमंतानं हट्टानं एक गोष्ट घालून घेतली होती. आमच्याकडच्या मैदानात ज्याची कुस्ती ठरलेली नसते, तो पैलवान हात वर करून आखाड्याला फेऱ्या मारतो, जोड मागतो, कुणी उतरतंय का बघतो. तसंच इथं. दुसरा रिमोट कुणी उचलेपर्यंत पडद्यावरचा गडी हात वर करून फिरत राहायचा.

परवा साताऱ्याला गेलो तर दारातच पंख्यांचा आवाज. वहिनींनी मशीन लावून ठेवलं होतं. "आवाज असला की ह्ये आत हायत असं वाटतं," म्हणाल्या. चहा दिला, समोर बसल्या, आणि मग विचारलंच. "भावजी, खरं सांगा. ह्यांचं चुकलं का वं?"

चुकलं, असंच माझं मत आहे. आजही आहे. इतकी वर्षं तेच त्याच्या तोंडावर सांगत आलो. पण ते ऐकून "गप ए" म्हणणारा माणूसच राहिला नाही, तर त्या मताचं आता लोणचं घालू का? "चुकलं असंल वहिनी," मी म्हटलं, "पण बरोबर राहून मी तरी काय मिळवलं?"

वहिनींनी टीव्हीकडं बघितलं. पैलवान हात वर करून फिरत होता...

"दमत न्हाई का वं ह्यो? जरा बसता येत न्हाई ह्येला?"

"न्हाई," मी म्हटलं. "बसायचं शिकवलंच न्हाई आमी त्याला."