पेवाला वास नव्हता

आमच्या घरी पहिल्यांदा गॅसचा सिलिंडर आला, तेव्हा माझी सून नाकाला पदर लावून म्हणाली, "असला कुजका वास कशाला देतात?" जोडणारा माणूस म्हणाला, "गॅसला स्वतःचा वास नसतो. गळाला तर नाकाला कळावं, म्हणून मुद्दाम मिसळतात." ती हसली. मला माझे थोरले दीर आठवले आणि अंगाचा तिळपापड झाला.

ती गोष्ट घडली तेव्हा निजामाचं राज्य जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. घनसावंगीकडच्या आमच्या गावात ज्वारी पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, वर दगड आणि माती. बंद पेवातली हवा माणूस मारते. म्हणून पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मग कंदील सोडायचा. तो विझला तर उतरायचं नाही. माझ्या माहेरी हे सगळे जाणत.

त्या दिवशी दिरांना दम निघत नव्हता. जालन्याच्या व्यापाऱ्याची बैलगाडी दारात उभी होती. त्यांनी दगड सरकवला, वाकून हुंगलं आणि माझ्या मालकांना म्हणाले, "कायचाच वास न्हाई. उतर जल्दी."

थोरल्या दिरांशी आम्ही सुना बोलत नसू, तशी रीतच होती. मी जावेला म्हटलं, "आधी कंदील सोडा म्हणावं."

ते दिरांच्या कानावर पडलं. "आता बायकांच्या अकलेनं पेव उघडायचं का?"

मी पदर मागं सारला. "मंग तुम्हीच उतरा, भाऊजी."

"असली जीभ तुझ्या माहेरी चालत असंल. इथं न्हाई."

मालक गप्प राहिले. भावापुढं ते कायम गप्पच राहिले, तोही राग माझ्या मनात आहे. मी पुढं केलेला दोर तेवढा त्यांनी कमरेला बांधला. खाली पोचून "टोपली सोडा" म्हणाले, पुढं आवाज नाही. डोकावलं तर ज्वारीवर बसलेले, मान छातीवर पडलेली. गाडीवान, दीर आणि मी, तिघांनी दोर ओढला. बऱ्याच वेळानं मालकांनी डोळे उघडले, ओकले.

दीर म्हणाले, "उपाशी पोटी उतरला, चक्कर आली."

पुढल्या साली त्यांनी पेव दोन दिवस उघडं ठेवलं, पण चुकलं म्हणून एक शब्द काढला नाही. मी त्यांचं ताट वाढत राहिले; न बोलायची रीत पुढं मोडली, तरी बोलले मात्र कधीच नाही. त्यांच्या तेराव्याला लोक त्यांच्या भलेपणाच्या गोष्टी सांगू लागले, तेव्हा मी उठून आत गेले.