आरोन बॅरिस्टरांच्या पंगतीतला चौथा

लंडनला जेवून बॅरिस्टर होतात, ही बातमी पनवेलच्या इस्राएल आळीत, ज्यूंच्या वस्तीत, पोचली तेव्हा पहिल्यांदा कुणी विश्वासच ठेवला नाही. आरोन आपटेकर समजावून दमला. परीक्षा असतातच, पण वकिलांच्या ज्या जुन्या संस्थेत नाव घालायचं, तिथे दर सत्रात गाऊन चढवून ठरलेली जेवणं जेवावी लागतात. जेवणं भरली नाहीत तर सनद नाही.

मिठागरवाले तुळशीराम सगळं ऐकून म्हणाले, "जेवून बालिष्टर? मंग आमी आतापावेतो जज झालो असतो."

आरोनची आई झिल्पाबाई मात्र हसल्या नाहीत. "त्यांच्या मटणाला हात लावायचा नाही. आपल्यात चालत नाही," त्यांनी बजावलं.

"मग जेवू काय?"

"बटाटे."

हा बटाट्यांचा वायदा करून आरोन एक्कावन्न साली बोटीत बसला.

तिथली रीत अशी, की पंगत चौघाचौघांची. आरोनच्या पंगतीत दोन गोरे विद्यार्थी होते आणि चौथा एक हडकुळा गृहस्थ. त्याचा गाऊन इतका जुना, की काळा रंग हिरवट झालेला. वय पंचवीसही वाटे आणि पंच्याहत्तरही. पहिल्याच संध्याकाळी मटण समोर आलं तसं आरोननं ताट हळूच त्याच्याकडे सरकवलं. त्यानं ते संपवलं, हाडांसकट, आणि चाकू-काट्याचा जराही आवाज झाला नाही.

मग हे नेहमीचंच झालं. दोघे गोरे त्याच्याकडे बघतही नसत. आरोनला वाटलं, ओळख करून दिल्याशिवाय इंग्रज माणूस सख्ख्या भावाशीही बोलत नाही, तसलंच काहीतरी असणार. वाढप्यालाही कुणी ओळख करून दिली नसावी, कारण तोही त्याच्यापुढे कधी काही ठेवीत नसे.

शेवटचं जेवण झालं. इतके दिवस ज्याला आपलं ताट दिलं, त्याला न सांगता कसं निघायचं? आरोन उठला, जरासा वाकला आणि आपण घराबाहेर पडताना जे म्हणतो तेच म्हणाला. येतो. पण इंग्रजीत म्हणाला, जसंच्या तसं.

चौथ्यानं प्रथमच मान वर केली. "मग मी वाट पाहतो," तो म्हणाला. आवाज तळघरातून यावा तसा गार होता.

"कुणाशी बोलतोस?" शेजारच्या गोऱ्यानं विचारलं.

आरोन पनवेलला परतला. दारावर पाटी लागली. कोर्टात पहिल्याच आठवड्यात दोन वकिलांबरोबर तो चहाला बसला, आणि चौथ्या खुर्चीवर हिरवट गाऊन दिसला. त्या माणसानं एक रिकामं ताट टेबलावरून हळूच आरोनकडे सरकवलं. बाकीचे दोघे प्रवासात बोट लागली का, ते विचारत होते. आरोनचा चहा बेचव झाला.

पुढे पळस्प्याच्या हॉटेलात दोन पक्षकारांबरोबर बसला, तिथेही तेच. कुठेही तिघं जेवायला बसले, की चौथा हजर आणि ताट सरकवलेलं. आरोनच्या पोटात अन्न ठरेना. तो एकटा, उभ्या उभ्या खाऊ लागला, तरी अंगी लागेना. लोक म्हणाले, विलायतेचं पाणी बाधलं. कोट खांद्यावरून लोंबायला लागला. एक दिवस दाढी करताना त्यानं आरशात पाहिलं आणि वस्तरा खाली ठेवला. गालफडं त्या चौथ्याची होती.

त्या दिवशी त्यानं आईला सगळं सांगितलं.

"निघताना काय म्हणालास त्याला?" झिल्पाबाईंनी विचारलं.

"येतो म्हणालो. इंग्रजीत."

"मग तो बसणारच की वाट बघत. एवढं शिकलास, आणि बोललास हे."

शुक्रवारी दिवस कलताना झिल्पाबाईंनी शब्बाथचे दिवे लावले आणि चार ताटं मांडली. आरोन, त्या, आणि त्यांचे भाऊ हायममामा.

"चौथं कुणाला?" मामांनी विचारलं.

"पाहुणा आहे."

"आणि मासा एकच तळलास?"

प्रार्थनेचं मनुकांचं सरबत फिरलं. आरोनचा पेला हातातच राहिला. दिव्यांच्या ज्योती खिडकीकडून वारा नसताना एका बाजूला वळल्या होत्या आणि ते रिकामं ताट आरोनपुढे आलं होतं.

"आलाय? इथे?" झिल्पाबाईंनी विचारलं आणि मोकळ्या खुर्चीकडे तोंड केलं. "दादा, पोराचं चुकलं. आमच्यात निघताना येतो म्हणतात. त्याचा अर्थ निघालो, एवढाच."

आरोननं त्याचं इंग्रजी केलं. बॅरिस्टर म्हणून त्यानं मन लावून चालवलेलं हे पहिलं प्रकरण. चौथ्यानं शांतपणे ऐकलं आणि एक प्रश्न टाकला.

"तो विचारतोय, खरंच यायचं असेल तेव्हा काय म्हणता?"

झिल्पाबाई म्हणाल्या, "तेव्हाही येतोच म्हणतात."

"तो म्हणतो, मग वाट बघणाऱ्याला कसं कळायचं?"

"नाही कळत," झिल्पाबाई म्हणाल्या. "बघायची वाट. तू बोटीत बसलास तेव्हा मला तरी काय कळलं होतं?"

हे मात्र आरोनला नीट भाषांतरित करता आलं नाही. तरी चौथ्याला समजलं असावं. मग त्यानं ते रिकामं ताट आरोनपुढून ओढून घेतलं, गाऊन सावरला, आणि आरोनच्याच पनवेली ढंगात म्हणाला, "येतो."

हे झिल्पाबाईंनाही ऐकू आलं.

"या," त्या म्हणाल्या.

ज्योती सरळ झाल्या. आरोननं भात कालवला, पहिला घास घेतला. मीठ लागलं, खोबरं लागलं. ताट अर्धं झाल्यावर मात्र त्याचा हात थांबला.

"आई, तू त्याला या म्हणालीस."

"मग काय म्हणू?" झिल्पाबाईंनी त्याला आणखी भात वाढला. "घरातून उठलेल्या माणसाला दुसरं काय म्हणतात?"