टाकीभर गॅस

टाकी वर आली की गॅस मुबलक, हा माझ्या सासऱ्यांचा हिशेब. रेणापूरजवळच्या आमच्या घरामागे गोबरगॅसची लोखंडी टाकी आहे. शेणकाल्यावर तरंगते, गॅस साठला की वर उचलली जाते. त्या सकाळी ती पार वर आली होती. सासऱ्यांनी लगेच घरातलं भरलेलं सिलिंडर शेजारच्या बारशाला देऊन टाकलं. दानशूर ते, आणि आमच्याकडच्या जेवणावळीचं, चाळीस माणसांचं पुरण शिजवायचं मी!

लग्नाआधी मी मुखेडला विज्ञान शिकवायचे. राहवलं नाही.

"मामा, टाकीत दोन घनमीटर गॅस. घनमीटराला वीसेक मेगाज्यूल उष्णता. सगळा जाळला तरी सिलिंडरमधल्या किलोभर गॅसएवढीच धग मिळेल."

"टाकी केवढी अन् सिलिंडर केवढं! दिसतंय का न्हाई?"

"सिलिंडरात तो दाबून द्रवरूप केलेला असतो, मामा."

"शाळा शाळेत ठिवा."

मला पुरणाची काळजी नव्हती. जेवणावळीला जंगम स्वामी, म्हणजे आमचे लिंगायत गुरू, येणार होते आणि ते जेवल्याशिवाय सासूबाई घास घेत नाहीत. त्यात सासूबाईंना साखरेचा आजार. जेवण वेळेवर होणारच, म्हणून त्यांनी इन्सुलिन टोचूनही घेतलं होतं.

डाळ बोटाने चेपण्याइतकी मऊ व्हायच्या आधीच ज्योत बसली. टाकी तळाला गेली होती. गोबरगॅस आल्यापासून घरात सरपण ठेवत नव्हतो. सासरे शेजारी धावले, तर तिथे त्याच सिलिंडरवर भात चढलेला.

मी मागे वळले तर सासूबाई भिंतीला टेकलेल्या, कपाळ घामाने भिजलेलं, हात थरथरत होते.

"आत्या, साखर उतरलीय, गूळ खा."

"स्वामी जेवल्याबिगर न्हाई." एवढं बोलून त्यांनी ओठ घट्ट मिटले.

मला संताप आला. गुळाचा डबा घेऊन मी थेट बैठकीत येऊन बसलेल्या स्वामींकडे गेले.

"स्वामी, सैपाक झाला नाही. तुम्ही हेच जेवण समजा, नाहीतर आत्या हातच्या जातील."

"सूनबाई!" नुकतेच परतलेले सासरे ओरडले.

स्वामी उठले, आत आले. सासूबाईंसमोर बसून त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, चावला, गिळला. "मी जेवलो, माय. आता तू घे."

तेव्हा कुठे सासूबाईंनी तोंड उघडलं. मी गूळ भरवत राहिले, पाणी पाजत राहिले. बऱ्याच वेळाने नजर स्थिर झाली, आणि पहिला प्रश्न काय, तर "डाळ शिजली का गं?"

मला रडू फुटलं. उत्तर सासऱ्यांनी दिलं.

"न्हाई शिजली. सून सांगत हुती, म्या ऐकलं न्हाई."