दुधीचा रस आणि आईचं जेवण

आई पुढे पुष्कळ वर्षं जगली, पण त्याचं श्रेय मी दुधीला मुळीच देणार नाही. त्या साली अकोल्याच्या घरात दुधी किसून किसून मी विटून गेले होते.

आईला जरा चाललं की धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, वजन उतरलं नाही तर काळजाचं काही खरं नाही. मग बाबा तिला अमरावतीला एका निसर्गोपचारवाल्यांकडे घेऊन गेले. सकाळी दुधीचा नाहीतर कोहळ्याचा रस, मग कच्च्या भाज्या, फळं. दूध, तूप, तेल, भाकर सगळं बंद.

किसून फडक्यातून पिळायचं काम माझ्याकडे. मनगटं भरून यायची. आई डोळे मिटून पेला रिकामा करायची, कुरकुर नाही. वजन मात्र ढिम्म. उलट चोळ्या दंडाला काचू लागल्या.

शेवटी बाबा भडकले. "चोरून खाऊन राहिली काय तू?"

"चोरून काहून खाईन? ताटात उरते ते फेकू काय? ते काय माह्यं जेवन हाये?"

खरंच होतं. सगळे उठले की मागे बसून ताटांतलं उरलंसुरलं संपवायचं, ही बायकांची रीत. बाबांची अर्धी भाकर, भावांचा तेल ओतलेला वरणभात. रसाचा चोथासुद्धा ती ज्वारीच्या पिठात मळून धपाटे थापायची; उरले की तेही तिचेच. यातलं काहीच ती जेवण म्हणून धरत नव्हती. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्धी भाकर ठेवली आणि आमच्या घरात कधी न झालेली गोष्ट केली. ताटातच हात धुतले. आता कशी खाते, असं त्यांना वाटलं असावं. आईने ताट तिरपं केलं, पाणी निथळू दिलं आणि ती भिजकी भाकर खायला लागली. मला तिचा इतका राग आला, आणि तितकीच कीव.

बाबा परत पाटावर बसले. तिच्या हातातला अर्धा खाल्लेला तुकडा त्यांनी काढून घेतला आणि खाऊन टाकला.

"बायकोचं उष्टं खाता काय हो," आई म्हणाली, आणि जन्मभर त्यांचं उष्टं खाल्लेली ती बाई लाजेने हमसून हमसून रडू लागली.