आईला घाई नव्हती

आम्ही जालन्याकडचे ख्रिस्ती. वडील सुरतेला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला होते आणि आम्ही डिंडोलीत एका खोलीत राहायचो. गावी आजी वारली तेव्हा काकांची तार आली. वडील मिळेल त्या गाडीने निघाले, पण पोहोचेपर्यंत दफन उरकलं होतं. धाकट्या भावाने त्यांची वाट पाहिली नव्हती. वडील कबरीपाशी उभे राहिले आणि काकांशी एक शब्दही न बोलता परत आले. मग दोन वर्षं पत्र नाही की निरोप नाही.

रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत आई दोघा भावांसाठी मागायची. वडील डोळे मिटून बसायचे, पण तेवढ्याला 'आमेन' म्हणायचे नाहीत. मी दहावीत होते. मला वाटायचं, आई नुसती मागत बसते, करत काहीच नाही. शेवटी मी एक आंतर्देशीय आणलं, काकांच्या नावाने वडिलांची क्षमा मागणारं पत्र लिहिलं आणि जवळच्या उधन्याच्या टपालपेटीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी ते घरी आलं. वडिलांनी उलटसुलट करून पाहिलं.

"शिक्का सुरतचाच आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळूच, "अक्षर चांगलं काढलंस."

रागावले नाहीत. पण त्या दिवसापासून प्रार्थनेला बसेनासे झाले. मी रडत रडत आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती मारेल. तिने माझ्या केसांना तेल लावायला घेतलं.

"मलाही सुचलं होतं तसं," ती म्हणाली. "पण यांचं मन अजून त्या कबरीपाशीच आहे. आपण ओढून आणलं तर येईल का? प्रभू आणील तेव्हा येईल."

"आणि नाही आणलं तर?"

"तरी मागत राहायचं."

मी तिच्यासोबत मागू लागले. पुष्कळदा कंटाळा यायचा, नुसते शब्द तोंडातून जायचे.

पुढच्या वर्षी सुरतेत प्लेग आला. खाती बंद पडली, गल्ली रिकामी होत गेली. आम्ही सामान बांधलं, पण वडील गावाचं नाव काढेनात. अशात एका दुपारी काका दारात उभे, तोंडाला रुमाल बांधलेला. सगळे शहर सोडून चालले होते आणि हे रिकाम्या गाडीने आत आले होते.

"इथं कशाला आलास रे?" वडील म्हणाले.

"तुम्हाला न्यायला, दादा." काका बाहेरच थांबले. "आईच्या वेळी ऊन फार होतं. लोक म्हणाले, आता ठेवता येत नाही. मी ऐकायला नको होतं."

वडिलांनी पुढे होऊन भावाच्या तोंडावरचा रुमाल खाली केला.

"जेवलास का?"

प्लेग देवाने आमच्यासाठी धाडला असं मी कधीच म्हणणार नाही. त्यात माणसं गेली. पण काकांना गाडीत बसवणारा कोण होता, याबद्दल आईला शंका नव्हती. आता मलाही नाही.

गावी पोहोचलो त्या संध्याकाळी काकांच्या अंगणात वडिलांनी स्वतः प्रार्थना केली. आजीचं नाव घेऊन ते मध्येच थांबले. आम्ही सगळे डोळे मिटून बसून राहिलो. थोड्या वेळाने ते पुढे बोलू लागले.